यजमान प्रतिसाद देत नाहीत

सर्व्हर म्हणजे नेमकं काय, हे मला आजही धड सांगता येणार नाही. पण त्याला घाबरायचं कसं, हे मात्र मी कुणालाही शिकवू शकेन.

तसा मी मुळातच भित्रा. लिफ्टचं दार लागताना बोट सापडेल म्हणून मी दोन्ही हात खिशात घालून उभा राहतो. बँकेत सही जुळणार नाही या धास्तीनं माझा हात थरथरतो, आणि हात थरथरल्यामुळे सही जुळत नाही. शाळेत भाषा शिकवण्यात उभा जन्म गेला. तिथंसुद्धा मुलं मला घाबरत नव्हती, मीच वर्गाला घाबरून असायचो. अशा माणसानं सर्व्हरच्या वाटेला जायचं काहीएक कारण नव्हतं. पण मला मेहुणे आहेत.

मेहुणे, म्हणजे बायकोचे धाकटे भाऊ, शहरातल्या मोठ्या इस्पितळात प्रशासकीय अधिकारी आहेत. एका रविवारी ते आले, चहा घेतला आणि म्हणाले, "भाऊजी, एक छोटंसं काम आहे."

मागच्या खेपेला छोटंसं काम म्हणून त्यांनी मला एक कपाट जिन्यावरून उतरवायला बोलावलं होतं. त्यानंतर मी कमरेला पट्टा बांधून फिरत होतो, आणि कपाट अजून मधल्या मजल्यावरच आहे.

काम असं होतं. इस्पितळात नवे सर्व्हर बसवले होते. "म्हणजे मोठा कॉम्प्युटर?" मी विचारलं.

"मोठा नाही हो, खोलीभर आहेत. केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, औषधं, पेशंटचा नंबर पुकारणं, सगळं त्यांच्यावर चालतं. ते आपापसात सारखे बोलत असतात. कोण चालू आहे, कोण बंद पडलाय, ते कळवत असतात. पण बोलतात इंग्रजीत. आता वरून आदेश आलाय की इस्पितळात पडद्यावर दिसणारा प्रत्येक शब्द लोकांच्या भाषेत हवा."

डॉक्टरांचं अक्षर तेवढं त्यातून वगळलं होतं, कारण ते कुठल्याच भाषेत नसतं.

"अहो, पण मला त्यातलं काही कळत नाही," मी म्हणालो.

"आम्हाला तरी कुठं कळतं? तुम्ही भाषेचे मास्तर. आणि ताईचं ऑपरेशन आमच्याकडेच आहे ना, म्हणजे घरचंच काम."

हिच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि ऑपरेशनची तारीख ठरली होती, हे खरं. मेहुणे ते वाक्य अगदी सहज बोलले. पण भित्र्या माणसाला सहज असं काही ऐकूच येत नाही. मला त्यात, काम नाही केलंत तर ऑपरेशनचं काही सांगता येत नाही, असं ऐकू आलं. मी लगेच हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कागदांचा गठ्ठा आला आणि माझी झोप उडाली. काय ते शब्द! यंत्राच्या जगात एक काम दुसऱ्या कामाला जन्म देतं म्हणे. जन्म देणारं ते पॅरेंट, जन्मलेलं ते चाइल्ड. पॅरेंट मधेच बंद पडलं की चाइल्ड ऑर्फन होतं, आणि अशा ऑर्फनला सर्व्हर किल करतो. प्रत्येक यंत्र दुसऱ्याला ठरावीक अंतरानं 'मी आहे, मी आहे' असा इशारा पाठवतं. त्याला म्हणायचं हार्टबीट. तो थांबला की दुसरं यंत्र पहिल्याला मेलं असं धरून त्याचं काम स्वतःकडे घेतं. जाळ्यातल्या प्रत्येक ठिकाणाला नोड म्हणायचं, आणि इतरांना सेवा देणाऱ्या यंत्राला होस्ट. मला वाटलं, मी सर्व्हरची माहिती वाचत नसून एखाद्या घराण्याच्या सर्वनाशाची हकीकत वाचतोय.

पण शब्दकोशापुढे मी शूर होतो. नोडला गाठ. होस्टला यजमान. पॅरेंटला पालक, चाइल्डला बालक. वाक्य बरं वाटतंय का ते बघायला मी मोठ्यानं वाचत असे. एकदा खोलीतून म्हणालो, "यजमान प्रतिसाद देत नाहीत. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "लग्न झाल्यापासून तेच करतेय मी!"

बातमी जिन्यात पसरायला वेळ लागला नाही. आमच्या वरच्या मजल्यावर फ्यूजकाका राहतात. वीज खात्यातून निवृत्त झाले, पण वीज त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. ते खाली येऊन माझ्या कागदांकडे बघत म्हणाले, "मास्तर, बाकी काहीही करा, आधी अर्थिंग बघा."

"काका, मी फक्त शब्द लिहितोय."

"तेच सांगतोय. शब्दाला अर्थ नसला तरी चालतो, अर्थिंग पाहिजे. नाहीतर कधीतरी झटका बसणार."

मी हसलो. हसायला नको होतं.

खालच्या वहिनींना सर्व्हरमध्ये रस नव्हता. त्यांना ऑपरेशनमध्ये रस होता. त्या रोज संध्याकाळी हिला धीर द्यायला येत आणि माझा धीर घेऊन जात. "आमच्या जाऊबाईंच्या बहिणीचेही खडेच होते हो. साधं ऑपरेशन. हसत हसत आत गेल्या, आणि..." एवढं बोलून त्या चहाचा घोट घेत.

"आणि काय?" मी विचारी.

"जाऊ दे. तुमच्या घरी ऑपरेशन आहे, कशाला उगाच सांगू?"

त्या 'आणि'च्या पुढं काय असेल याचा विचार करत मी रात्री छताकडे बघत पडे. ही शेजारी शांत झोपलेली असे. तिच्या श्वासाचा आवाज थोडा कमी झाला की मी उठून बसे. एकदा तर मी तिच्या नाकापाशी बोट धरलं आणि ती दचकून ओरडली, "काय हो हे! मेले की काय मी?"

भाषांतर झालं, पण ते तसंच्या तसं यंत्रात घालायचं नव्हतं. आधी ते एका समितीपुढे ठेवायचं होतं. समितीत तिघे होते. अध्यक्ष मेहुणे. दुसरे एक डॉक्टर, ते बैठकीत आले आणि झोपले. तिसरे इस्पितळाचे हिशेबनीस. हे गृहस्थ कविता करत आणि सगळं इस्पितळ त्यांना कविवर्य म्हणत असे. काही जण भीतीनं, काही जण बिल लवकर निघावं म्हणून.

कविवर्यांनी माझे कागद लांब धरून वाचले. "गुरुजी, हार्टबीटला तुम्ही 'जिवंतपणाचा इशारा' लिहिलंय. किती रुक्ष! 'हृदयस्पंदन' लिहा."

"पण ते यंत्र आहे," मी हळूच म्हणालो.

"म्हणून काय त्याला हृदय नाही?" त्यांनी टेबलावर हात आपटला. झोपलेले डॉक्टर जागे झाले आणि म्हणाले, "मंजूर."

मग 'बंद पडले'चं 'मृत' झालं, 'काम थांबवले'चं 'संपवले' झालं. भाषा थेट असावी, असं कविवर्यांचं मत पडलं. एका जागी मी प्रश्नचिन्ह घातलं होतं. शब्द होता कन्सोल. संदेश फक्त कन्सोलवर दाखवावेत, असं मूळ वाक्य. हा कन्सोल काय असतो ते मला उमगलं नव्हतं. कविवर्यांनी शब्दकोश मागवला, पान उघडलं आणि विजयी मुद्रेनं वाचलं, "कन्सोल म्हणजे सांत्वन करणे."

मला शंका आली. सर्व्हर कुणाचं सांत्वन करणार? मी तोंड उघडलं. कविवर्यांचा हात पुन्हा टेबलाच्या दिशेनं निघालेला दिसला. मी तोंड मिटलं.

"इस्पितळ आहे गुरुजी. इथं सांत्वन हवंच," ते गहिवरून म्हणाले. मेहुण्यांनी सही केली. माझीही घेतली, आणि या खेपेला ती नेमकी जुळली.

ऑपरेशनचा दिवस आणि नवे शब्द सुरू व्हायचा दिवस एकच निघाला. मेहुण्यांना तो शुभयोग वाटला. मला सकाळपासून काहीच वाटत नव्हतं.

हिला चाकांच्या पलंगावर घालून थेटर नंबर दोनकडे नेलं. मी बाजूनं चालत होतो. हिरव्या कपड्यात ती एवढीशी दिसत होती. दारापाशी पलंग थांबला. मला पुष्कळ काही बोलायचं होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "कुलूप नीट लावलंत ना?"

"लावलं."

"ओढून बघितलंत?"

दार मिटलं. मी ओढून बघितलं नव्हतं.

नातेवाइकांनी थांबायचा हॉल तळमजल्यावर होता. लांबलचक, पांढऱ्या दिव्यांचा, औषधांच्या वासाचा. समोर भिंतीवर भलामोठा पडदा, त्यावर पेशंटचे नंबर येत. खुर्च्या लोखंडी, एकमेकींना जोडलेल्या. एक जण हलला की अख्खी रांग हले. फ्यूजकाका सोबतीला आले होते. ते माझ्या उजव्या बाजूला बसून हॉलमधल्या ट्यूबलाइटचं वायरिंग कसं चुकलंय ते सांगत होते. डाव्या बाजूला एक दणकट मामा होते. त्यांच्या भाचीला बाळंतपणासाठी आणलं होतं, आणि ते दर थोड्या वेळानं घाम पुसत होते. समोर मांडीवर पर्स घट्ट धरून एक बाई बसल्या होत्या. त्यांचे मिस्टर आत होते.

पडद्यावरचा नंबर गेला आणि ठळक अक्षरांत ओळ उमटली:

नवी गाठ आढळली. तपासणी सुरू आहे.

मला आधी अभिमान वाटला, हे मान्य करतो. आपला शब्द एवढा मोठा छापलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग मी आजूबाजूला पाहिलं. हॉल गप्प झाला होता. एका गृहस्थानं हळूच स्वतःच्या मानेला हात लावून पाहिला. कुणीतरी म्हणालं, "कुणाला आढळली?" आणि पाठोपाठ चारपाच जणांनी तोच प्रश्न केला. मानेला हात लावणारे गृहस्थ उठून चौकशीच्या खिडकीकडे धावले.

हे संदेश इथं का दिसताहेत? ते फक्त सर्व्हरच्या खोलीत दिसतील, असं मेहुणे म्हणाले होते. पुढची ओळ आली:

पालक मृत. अनाथ बालक आढळले. बालक संपवण्यात येत आहे.

मामा उभे राहिले. अख्खी रांग हलली. "काय?" ते म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण आवाज अगदी बारीक निघाला. "काय लिहिलंय ते?"

कुणी उत्तर द्यायच्या आत पडद्यानंच दिलं:

बालक यशस्वीपणे संपवले.

'यशस्वीपणे' माझंच होतं. वाक्य जरा सौम्य वाटावं म्हणून घातलं होतं.

हॉलमध्ये जो काही आवाज उठला, तो मी जन्मात विसरणार नाही. प्रसूतीवाले सगळे जिन्याकडे धावले. शिपायांनी प्रसूतीकडच्या जिन्याचं दार लावून घेतलं, त्यामुळे तर लोकांची खात्रीच पटली. मामा दार बडवत भाचीच्या नावानं हाका मारत होते. आणि त्या गदारोळात पडद्यावर शांतपणे आलं:

यजमान प्रतिसाद देत नाहीत.

पर्सवाल्या बाईंनी ते वाचलं. एकदा वाचलं, ओठ हलवत पुन्हा वाचलं, आणि त्या खुर्चीतल्या खुर्चीत कलंडल्या.

मी भित्रा आहे, पण दगड नाही. मी त्यांना सावरलं, पाणी पाजलं आणि म्हणालो, "बाई, घाबरू नका. यजमान म्हणजे तुमचे मिस्टर नव्हेत. ते एक यंत्र आहे."

"तुम्हाला काय माहीत?" त्यांनी डोळे उघडून विचारलं. आजूबाजूचे दहाबारा जण माझ्याकडे वळले.

"म्हणजे... मी कुठंतरी वाचलंय," मी म्हणालो.

"वाचलंय काय?" फ्यूजकाका छाती काढून पुढं आले. "अहो, यांनीच लिहिलंय हे सगळं! एकूण एक शब्द! आमच्या बिल्डिंगमध्ये राहतात."

शेजाऱ्यांनी केलेला माझा हा पहिलावहिला जाहीर सत्कार. मी खाली बघत राहिलो. गर्दी गोल झाली. मामा दार बडवायचं सोडून गर्दी बाजूला सारत आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. "तुम्ही लिहिलंत? बालकाला मारलं म्हणून तुम्ही लिहिलंत?"

"अहो, ते बालक म्हणजे बाळ नव्हे. एक काम दुसऱ्या कामाला जन्म देतं..."

"माझी भाची वर आहे मास्तर." त्यांचे डोळे भरून आले होते. "मला बाकी काही कळत नाही. बंद करा ते."

त्यांनी मनगट सोडलं असतं तर मी पळून गेलो असतो. पण सोडलं नाही. माझी वरात तळघरातल्या सर्व्हरच्या खोलीकडे निघाली. पुढं मामा, त्यांच्या हातात मी, मागं फ्यूजकाका आणि त्यामागं जितके मावतील तितके नातेवाईक.

आयुष्यात पहिल्यांदा मी सर्व्हर पाहिले. थंडगार खोली. दार उघडताच अंगावर काटा आला. माणसाच्या उंचीची काळी कपाटं रांगेनं उभी, आणि प्रत्येकाच्या पोटात शेकडो हिरवे दिवे लुकलुकत होते. एकसारखी घरघर. जणू कुणीतरी दात दाबून श्वास घेतंय. कपाटांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: रक्त, औषधं, प्रसूती, थेटर-एक, थेटर-दोन. ज्या विभागाचं काम, त्याचं नाव यंत्राला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

टेबलाशी सर्व्हर सांभाळणाऱ्या कंत्राटदाराचा माणूस स्वेटर घालून बसला होता. एवढी गर्दी बघून तो खुर्चीवर उभा राहिला. "बाहेर व्हा! बूट काढा! कोण तुम्ही?"

"हे लेखक आहेत," फ्यूजकाका म्हणाले.

"संदेश हॉलमध्ये का दाखवताय?" मी कसाबसा विचारलं. "ते फक्त इथं दिसायला हवेत."

"मग तसं लिहायचं ना! हे बघा." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "संदेश कुठं दाखवायचे? तर, फक्त सांत्वनावर. मी वर जाऊन विचारलं, इथं सांत्वन कुठं असतं? शिपाई म्हणाला, नातेवाईक बसतात तिथं आम्ही सांत्वन करतो. म्हणून मी हॉलच्या पडद्याला जोडून दिलं. माझं काय चुकलं?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. कन्सोल म्हणजे त्याच्या टेबलावरचा हाच पडदा, हे मला आत्ता कळत होतं. कविवर्यांच्या टेबलावर आपटणाऱ्या हाताला मी घाबरलो होतो, एवढंच चुकलं होतं.

"बदला ते, आत्ताच्या आत्ता," मामा पुढं सरसावले. ते पुढं सरसावले तशी मागची गर्दीही सरसावली. त्या अरुंद जागेत मामांचा खांदा एका कपाटावर घासला. काहीतरी टकन वाजलं. एका कपाटातले हिरवे दिवे लाल झाले, आणि टेबलावरच्या पडद्यावर अक्षरं आली:

थेटर-दोन: हृदयस्पंदन थांबले. मृत घोषित करून कारभार दुसऱ्याकडे सोपवत आहे.

आता नीट लक्षात घ्या. हे वाक्य माझं होतं. त्यातला शब्दन् शब्द मला पाठ होता. हृदयस्पंदन म्हणजे यंत्राचा इशारा, मृत म्हणजे बंद, हे त्या खोलीत मला जितकं ठाऊक होतं तितकं कुणालाच नव्हतं. कुणाही परक्याला मी ते समजावून सांगितलं असतं. नुकतंच सांगितलंही होतं. पण थेटर दोनमध्ये माझी बायको होती.

माझे पाय आधी निघाले आणि मी त्यांच्या मागोमाग गेलो. मामांच्या हातातून मनगट कसं सुटलं ते आठवत नाही. मागून कंत्राटदाराचा माणूस ओरडत होता, "काही नाही हो, वायर निघालीय, वायर!" मला ऐकू येत होतं आणि त्याचा अर्थ लागत नव्हता. जिने चढताना मनात एकच चाललं होतं: कुलूप ओढून बघितलं नाही. ती शेवटचं जे बोलली ते कुलपाबद्दल, आणि मी तेसुद्धा केलं नाही. कारभार दुसऱ्याकडे सोपवत आहे. कुणाकडे सोपवणार? मला साखरेचा डबा कुठं असतो ते माहीत नाही. ती नसताना त्या घरात मी काय करणार, कुठल्या खुर्चीत बसणार, कुणाला हाक मारणार?

थेटरच्या दाराशी मेट्रन उभ्या होत्या. त्यांना सगळं इस्पितळ घाबरतं. मी त्यांच्यावर जाऊन आदळलो.

"कुठं घुसताय?"

"तिचं हृदय," मी म्हणालो. "थांबलंय. तिचं हृदय थांबलंय."

"कोण म्हणालं?"

"सर्व्हर!"

मेट्रनच्या चेहऱ्यावरचा राग जरा हलला. त्यांनी मला भिंतीकडेच्या बाकावर ढकललं, आणि त्या आत गेल्या. दार मिटलं.

आणि उघडेना.

मी त्या दाराकडे बघत बसलो. आतून भांड्यांचा आवाज येत होता, मग तोही बंद झाला. कुणीतरी घाईनं काहीतरी बोललं. पुन्हा शांतता. खालच्या वहिनींच्या त्या 'आणि'च्या पुढं काय असतं, ते मला आता कळणार होतं. मी देवाला नवस बोलणारा माणूस नाही, पण त्या बाकावर मी कुणाकुणाला काय काय कबूल केलं ते विचारू नका. मेहुणे धावत आले, माझ्याकडे पाहिलं आणि शेजारी बसले. त्यांचाही गुडघा हलत होता. तेव्हा मला आठवलं की ती त्यांची बहीण आहे.

दार उघडलं. सर्जन बाहेर आले. तोंडावरचं फडकं खाली ओढून ते म्हणाले, "झालं व्यवस्थित. हे बघा खडे." त्यांनी एक छोटी बाटली पुढं केली. मी ती घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"मग एवढा वेळ का लागला?" मेहुण्यांनी विचारलं.

"वेळ?" सर्जन भडकले. "अहो, हॉलमध्ये जे दिसतं तेच आत आमच्यासमोरच्या पडद्यावरही दिसतं. त्यावर येतं काय, तर हृदयस्पंदन थांबले, मृत घोषित! पेशंट समोर मजेत श्वास घेतोय, आमची सगळी यंत्रं सांगताहेत ठीक आहे, तरी आमच्या भूलतज्ज्ञांचा हात नाडीवरून हलेना. मी टाके घालावेत की त्यांना धीर द्यावा? हे वाक्य ज्यानं लिहिलंय ना, त्याला मला एकदा भेटायचंय."

मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाटलीतल्या खड्यांकडे पाहिलं.

दुपारी वॉर्डमध्ये ही शुद्धीवर आली. मी पलंगाशी बसलो होतो. तिच्या ओठांना पाणी लावलं. ती माझ्याकडे बघत खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "सिस्टर सांगत होती, आज तुम्ही मला सगळ्या इस्पितळासमोर मारून टाकलंत म्हणे."

"अगं, मी फक्त भाषांतर केलं."

"बरं." तिनं डोळे मिटले. हात मात्र चादरीखालून बाहेर काढून माझ्या हातावर ठेवला. तो गरम होता. मी उगीचच तिची नाडी चाचपत बसलो, आणि तिनं बसू दिलं.

संध्याकाळी मामा शोधत आले. मी पलंगाखाली जागा आहे का ते पाहिलं. पण त्यांनी पेढ्यासारखा एक गोळा माझ्या हातात कोंबला आणि म्हणाले, "मुलगी झाली. दोघी ठणठणीत." मग जाता जाता, "पण परत असलं काही लिहू नका हं मास्तर."

चौकशी बसली, अर्थातच. कविवर्यांनी सांगितलं की संज्ञा अचूक आहेत, पण समाज अजून त्यांच्या उंचीचा नाही. झोपलेले डॉक्टर म्हणाले, "मंजूर." शेवटी वरच्यांनीच आदेश फिरवला आणि सगळे संदेश पुन्हा इंग्रजीत गेले. ते हॉलमधून काढून टाकावेत असं मात्र कुणाला सुचलं नाही. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो म्हणे.

टाके काढायला आम्ही पुन्हा गेलो. ही आत गेली आणि मी हॉलमध्ये बसलो. तीच जागा, तोच पडदा. आणि काय सांगू, काय शांतता! लोक पेंगत होते, पोरं खेळत होती, एक जण डबा खात होता. पडद्यावर एकामागून एक इंग्रजी ओळी सरकत होत्या. कुणीतरी मेलं, मागं उरलेली पोरं अनाथ झाली, त्यांना एकेक करून मारलं, कुणाचं तरी हृदय थांबलं. भरलेल्या हॉलमध्ये ते कळणारा मी एकटा.

शेजारी एक आजी बसल्या होत्या. त्यांचा मुलगा आत होता. त्या पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही शिकलेले दिसता. काय हो लिहिलंय तिथं?"

मी पडद्याकडे पाहिलं. नेमकी तेव्हाच लाल अक्षरांत नवी ओळ आली होती.

"सगळं ठीक चाललंय, असं लिहिलंय आजी."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या आणि पाठ टेकून बसल्या. जरा वेळानं त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि माझ्यापुढं धरली.

"घ्या, दोन घोट घ्या," त्या म्हणाल्या. "सगळं ठीक चाललंय ना? मग एवढं घाबरायचं नाही."